जागा दाखवा : पुणे ते कुर्डी, गाण्यांच्या वाटेने

पहिला दिवस, शनिवार

खंबाटकीचा घाट चढताना मास्तरांनी नियम घातला. "ग्रेट, अफाट, तोड नाही, हे शब्द पाच दिवस बंद. ज्याला जो संगीतकार मोठा वाटतो त्याने त्याचं गाणं लावायचं आणि जागा दाखवायची. जागा दाखवता आली नाही, तर आवड धरली जाणार नाही."

गाणं चालताचालता एखाद्या अक्षरावर सूर असा वळतो की हातातलं काम थांबतं. ती जागा. दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या घरी आम्ही चौघं गाणी ऐकायला बसतो, तेव्हा जागा आली की कुणी तरी आपोआप बोट वर करतं. पण कुणाचं बोट कुठे वर जातं, यावरून मात्र आमचं कधीच जमलेलं नाही. निवृत्त गणितशिक्षक असलेले मास्तर श्रीनिवास खळ्यांचे. दातांचे डॉक्टर, पेटी बरी वाजवतात, ते जितेंद्र अभिषेकीबुवांचे. डॉक्टरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वैनींचं माहेर कुडाळचं, त्यांना हृदयनाथ मंगेशकरांपुढे, म्हणजे बाळासाहेबांपुढे कुणी दिसत नाही. आणि मी सुधीर फडक्यांचा, म्हणजे बाबूजींचा. आमच्या घरी रेडिओ होता आणि वडिलांना दुसरं कुणी चालत नसे, तेव्हा ही आवड मला वारशानेच आली. म्हणूनच मास्तरांचा नियम ऐकून पोटात थोडं धस्स झालं. वारशाने आलेल्या गोष्टीची जागा दाखवायची कशी?

पहिली पाळी माझी. मी 'तोच चंद्रमा नभात' लावलं. शब्द शांता शेळक्यांचे, एका जुन्या संस्कृत श्लोकावरून त्यांना सुचलेले. चाल आणि आवाज बाबूजींचा. "आता पहिले दोन शब्द नीट ऐका," मी म्हटलं. "तोच आणि चंद्रमा. दोन च लागून आले आहेत आणि दोन्ही वेगळे. 'तोच'मधला च दातांशी, 'चंद्र'मधला टाळूशी. एरवी बोलताना आपण ते एकमेकांत घालून टाकतो. बाबूजी दोन्ही वेगवेगळे ठेवतात, आणि तरी सूर तुटत नाही. ही माझी जागा."

मास्तर म्हणाले, "ही गायकाची जागा झाली. संगीतकाराची कुठे आहे?"

"संगीतकाराने चालीत तेवढा वेळ ठेवलाय म्हणून गायकाला ते करता आलं. चाल घाईची असती तर दोन्ही च एकमेकांवर आपटले असते."

मास्तरांनी मागच्या सीटवर डायरी उघडली, चार रकाने पाडले आणि फडक्यांच्या रकान्यात लिहिलं : 'दोन च.' मला खूप बरं वाटलं.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मिसळ खाऊन खासबागेकडे गेलो. गाण्याची जुनी संस्था असलेल्या देवल क्लबची स्थापना १८८३ ची. शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादियाखाँसाहेब याच गावात राहिले. असं म्हणतात की अतिगाण्याने त्यांचा मूळचा आवाज गेला, तेव्हा जो आवाज उरला त्याच्या बेताने त्यांनी गायकी नव्याने बांधली, आणि पुढे तिलाच जयपूर-अत्रौली घराणं म्हणू लागले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली. बाबूजी २५ जुलै १९१९ ला इथेच जन्मले आणि वामनराव पाध्यांकडे गाणं शिकले. एवढ्याशा गावात एवढं कुठून आलं, असं वैनींनी विचारलं. मला वाटतं, राजाने गवयाला पोटाची चिंता ठेवली नाही आणि तालमीच्या पैलवानालाही ठेवली नाही, त्यातून हे आलं. गाव ऐकायला शिकलं.

रात्री लॉजवर डॉक्टरांनी पेटी काढली. गीतरामायणाचा विषय माझ्यामुळेच निघाला होता. १९५५ च्या १ एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं. दर आठवड्याला गदिमांनी एक गीत लिहायचं आणि बाबूजींनी त्याला चाल लावायची, असं वर्षभर चाललं. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ५६ गीतं झाली. डॉक्टरांनी पहिल्या गीताचा राग भूप वाजवला. मध्यम नाही, निषाद नाही, पाचच सूर. "आणि शेवटच्या गीताला भैरवी," ते म्हणाले. "सुरुवातीला पाच सूर, शेवटी असा राग की ज्यात सगळ्या सुरांना ये-जा करायची मुभा. ही माझ्याकडून तुमच्या बाबूजींना एक जागा. एका गाण्यातली नाही, वर्षभरात पसरलेली." बाबूजींचा नसलेल्या माणसाने मला ती दाखवली. इतकी वर्षं ऐकून माझ्या ती लक्षात आली नव्हती.

दुसरा दिवस, रविवार

आजऱ्यावरून आंबोलीकडे निघालो. आंबोलीच्या अलीकडे टायर बसला आणि स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चरवाला येईपर्यंत दीड तास रस्त्याकडेला. मे महिना असूनही दरीतून ढग वर येत होते. करवंदांच्या जाळ्या ओल्या झाल्या होत्या.

मास्तरांनी वेळ साधली. 'श्रावणात घन निळा बरसला' लावलं. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, लताबाईंचा आवाज. गाणं चालू असताना त्यांनी बोनेटवर डायरी ठेवली आणि फळ्यावर समजावतात तसं सांगू लागले. "साधारणपणे भावगीताला मुखड्याची एक चाल आणि अंतऱ्याची एक चाल असते. अंतरे तीन असोत, चार असोत, सगळे त्याच चालीत बसवायचे. यात प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी आहे. चार अंतरे, चार चाली, आणि प्रत्येक वेळी परत त्याच मुखड्यावर यायचं. चार वेगळ्या वाटा एकाच दारात आणून सोडायच्या, आणि कुठेही ढकलल्यासारखं वाटता कामा नये. करून बघा म्हणजे कळेल."

"पण लोकांना म्हणता येत नाही," मी म्हटलं. माझं हे मत खरोखरचं होतं आणि आजही थोडं आहे. बाबूजींचं गाणं आमची आई पोळ्या लाटताना म्हणायची. खळ्यांचं म्हणायला गेली की दुसऱ्या ओळीत अडकायची.

"सगळं गाणं म्हणण्यासाठीच असतं का? काही ऐकण्यासाठीही असतं."

"खळ्यांनीच 'गोरी गोरी पान' केलं ना?" वैनी मध्ये पडल्या. "ते तर पोरंसोरं म्हणतात. म्हणजे त्यांना सोपं येत नव्हतं असं नाही."

'जय जय महाराष्ट्र माझा'ही खळ्यांचंच. शाहीर साबळ्यांनी गायलेलं ते गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. एकाच माणसाने ते आणि श्रावणातलं हे, दोन्ही केलं. मास्तरांचा मुद्दा असा की शब्द जसा मागेल तशी चाल. शब्द गर्दीचा असेल तर चाल गर्दीची, एकट्याचा असेल तर एकट्याची. मी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. तिसरा अंतरा संपत आला आणि पंक्चरवाला मोटरसायकलवर येऊन ठेपला. गाणं तिथेच थांबलं.

संध्याकाळी सावंतवाडी. मोती तलावाच्या काठाने चालत एका खानावळीत जेवायला गेलो. बांगडा, सोलकढी, तांदळाची भाकरी. आमचा वाद ऐकून मालक गल्ल्यावरूनच म्हणाले, "आमका दशावतार बरो. रात्रभर पेटी वाजता, पकवाज वाजता. पाच मिनटांत काय कळतला?" डॉक्टर ताडकन उठून त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले. दशावतारात नाटकाच्या चाली कशा आल्या, पेटीवाल्याला नट कुठे थांबणार हे आधी माहीत नसताना तो सूर कसा धरून ठेवतो, यावर दोघं अर्धा तास बोलले. भात गार झाला. मास्तरांनी डायरीत पाचवा रकाना पाडला आणि डोक्यावर 'दशावतार' लिहिलं. त्यात जागा नाही लिहिली, पण रकाना ठेवला.

या मुलखाने वसंत देसाई दिले. १९१२ साली कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मलेला हा माणूस पोरवयात कोल्हापूरला प्रभातमध्ये गेला. आम्ही चौघांनी शाळेत रांगेत उभं राहून 'ऐ मालिक तेरे बंदे हम' म्हटलं होतं. 'घनश्याम सुंदरा'ची भूपाळी आमच्या आजीच्या तोंडी सकाळी असायची. दोन्ही देसायांची. आणि आमच्यापैकी एकाच्याही रकान्यात देसाई नव्हते. आवडते संगीतकार कोण असं विचारलं की आपण मान वर करून बघतो, आणि पायाखालची जमीन मोजायची राहून जाते. मला याचं वाईट वाटलं. मास्तरांनी सहावा रकाना पाडला.

झोपण्याआधी वैनींनी आपली पाळी घेतली. 'ये रे घना'. आरती प्रभूंचं, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकरांचं. त्यांच्या घरची कुडाळला खानावळ होती. "ये रे म्हटलं की आपल्याला लहानपणचा पाऊस आठवतो," वैनी म्हणाल्या. "पण ही हाक पोराची नाही. बोलावलंय आणि भीतीही आहे, की हा आला तर फुलं राहायची नाहीत. पुढे 'नको नको' येतं ना, ते ऐका. त्या नकोत पूर्ण नकार नाही. बाळासाहेबांनी तिथे आशाबाईंकडून जे करून घेतलंय ते मला कधी शब्दांत सांगता आलेलं नाही. माहेरच्या अंगणात वळवाच्या आधी वारा सुटला की आई वाळवण उचलायला धावायची आणि त्याच वेळी 'येऊ दे रे बाबा' असंही म्हणायची. तसं."

एवढं नेमकं वर्णन रविवारच्या बैठकीत मी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं.

तिसरा दिवस, सोमवार

बांद्यावरून गोव्यात शिरलो. पणजीत न थांबता थेट मंगेशी. सोमवार मुद्दाम साधला होता, कारण सोमवारी सांजेच्या आरतीआधी वाद्यांच्या गजरात देवाची पालखी निघते.

देऊळ मूळचं कुठ्ठाळीचं. १५६० मध्ये देवाला नदीपलीकडे इथे आणलं. समोर सातमजली दीपस्तंभ आणि तळी. या देवावर अभिषेक करणाऱ्या घराण्यातूनच अभिषेकी हे आडनाव आलं. जितेंद्रबुवा २१ सप्टेंबर १९२९ ला इथेच जन्मले. त्याच घराण्यातल्या गणेशभटांचे मुलगे मास्टर दीनानाथ, म्हणजे हृदयनाथांचे वडील. त्यांनी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. म्हणजे डॉक्टरांचे बुवा आणि वैनींचे बाळासाहेब एकाच मुळाचे निघाले. नवराबायको एकमेकांकडे बघून समाधानाने हसले आणि मास्तर आणि मी एकटे पडलो.

पण मला इथे वेगळीच गोष्ट लागून राहिली. दीनानाथांची आई येसूबाई कलावंत समाजातली, देवापुढे गाणारी. देवळाच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या सूर लावला तो या बायकांनी. उत्सवाला त्या हव्या असत, समाजात मात्र त्यांना मान नसे. आज आपण गोव्याच्या मातीत गाणं आहे असं सहज म्हणतो. माती गात नाही. बायका गात होत्या. पालखी निघाली, झांजा आणि ढोल सुरू झाले, गर्दीने वाट दिली, आणि माझं सगळं लक्ष त्या चौकाच्या फरशीकडे होतं.

रात्री डॉक्टरांची पाळी. 'कट्यार काळजात घुसली' हे दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, संगीत बुवांचं. "त्यात दोन घराण्यांचं वैर आहे," डॉक्टरांनी पेटीचा भाता सैल केला. "आता संगीतकाराने काय करायचं? दोन घराणी वेगळी आहेत हे संवादात सांगून प्रेक्षकाला पटत नाही, ते कानाने पटावं लागतं. बुवांनी 'घेई छंद मकरंद' या एकाच पदाला दोन चाली दिल्या. शब्द तेच. एक एका घराण्याची, दुसरी दुसऱ्याची." त्यांनी आधी एक वाजवली, मग दुसरी. पहिली ठाय, एकेका सुरावर बसून राहणारी. दुसरी चपळ, हिरवाईवर उडणाऱ्या भुंग्यासारखी. वैनींनी मध्येच पहिली परत वाजवायला लावली.

"सांगा, यातली बुवांची आवडती कुठली?" डॉक्टरांनी विचारलं. कुणाला सांगता येईना. दोन्हींत त्यांनी सारखाच जीव ओतला आहे. डॉक्टरांचं म्हणणं असं, की बुवा एका गुरूकडे शिकले नाहीत. गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला असे वेगवेगळ्या घरांत जाऊन शिकले, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या घरातून गाता आलं. ज्याला एकच घर माहीत आहे त्याची दुसरी चाल हटकून थट्टा झाली असती.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी डायरीत लिहिलं : 'दोन्ही चाली. कुणाचीही थट्टा नाही.' आणि खाली, स्वतःहून, माझ्याकडे न बघता : 'श्रावणातल्या चार चालींहून हे कठीण.' खळ्यांच्या माणसाने हे लिहिणं मी किंमतीचं समजतो.

चौथा दिवस, मंगळवार

फोंड्याहून केरीला. सूरश्री केसरबाई केरकरांचं गाव. त्यांच्या नावाची शाळा आहे, सुट्टी असल्याने बंद होती. आम्ही गाडीतच त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी लावली. साडेतीन मिनिटांची तबकडी. अमेरिकेने १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली, आणि भारतातून त्यात ही भैरवी गेली. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. अकरा दिवसांचं अंतर. मास्तरांनी दोनदा मोजलं. भैरवीने मैफल संपवायची असते, आणि ही तर चालूच आहे.

"जागा?" वैनींनी विचारलं. "सगळीच," मी म्हणालो. मास्तरांनी नाकारलं. मग पुन्हा ऐकून मी दाखवली : समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना त्या झेप घेत नाहीत. 'आ'कार अखंड चालू असतो आणि सम वाटेत येते.

दुपारी सांगे ओलांडून कुर्डीला गेलो. हे गाव साळावली धरणात गेलं. ऐंशीच्या दशकात लोक उठून गेले, आणि दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. सोमेश्वराचं देऊळ शाबूत आहे. बाकी घरांची जोती, माडांची काळी पडलेली खुंटं, विहिरीचे काठ, आणि पायाला चिरा पडल्यासारखी भेगाळलेली जमीन. दोन म्हशी. सावली नाहीच.

मोगूबाई कुर्डीकर इथल्या. १९०४ चा जन्म. पोरवयात नाटक कंपनीत, पुढे सांगलीला असताना त्या रियाझ करत होत्या आणि प्रकृतीसाठी तिथे आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी रस्त्यावरून तो आवाज ऐकला. तिथून त्यांची तालीम सुरू झाली. त्यांची मुलगी किशोरी आमोणकर. गाव पाण्याखाली गेलं, पण आडनाव कुर्डीकरच राहिलं.

रेंज नव्हती. वैनींच्या फोनमध्ये उतरवून ठेवलेलं एक गाणं होतं : 'जाईन विचारीत रानफुला'. शांताबाईंचे शब्द, हृदयनाथांची चाल, किशोरीताईंचा आवाज. फोन एका जोत्यावर ठेवला आणि चौघं उकिडवे बसलो. उघड्या रानात आवाज कुठेच अडत नाही, पुढे निघून जातो, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागली. दगड इतका तापलेला होता की हात टेकवत नव्हता. 'विचारीत' या शब्दावर सूर पुढे जायला निघतो आणि जरा घुटमळतो. वाट विचारायची आहे, पण कुणाला? मी बोट वर केलं होतं, हे मला मास्तर माझ्याकडे बघायला लागले तेव्हा समजलं.

"कुणाच्या रकान्यात लिहू?" मास्तरांनी विचारलं.

"बाळासाहेबांच्या. माझ्या नावाने."

वैनींनी पदराने फोनवरची धूळ पुसली आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं.

पाचवा दिवस, बुधवार

परतीचा दिवस, सांगण्यासारखं थोडं. पहाटे फोंडा सोडलं, आंबोलीत चहा. बेळगावच्या बाजूने जावं की आजऱ्याने, यावर थोडी घासाघीस. कोल्हापूरला जेवण. कऱ्हाडच्या पुढे मास्तरांनी डायरी वाचून दाखवली. एकतीस जागा झाल्या होत्या. फडक्यांच्या रकान्यात नऊ, त्यातल्या तीन डॉक्टरांच्या आणि एक वैनींची. हे ऐकताना वडिलांची फार आठवण झाली. त्यांना मी हे सगळं फोनवरून सांगितलं असतं.

दशावताराचा रकाना रिकामाच होता. वैनी म्हणाल्या, पुढल्या वर्षी जत्रांच्या दिवसांत येऊ, रात्रभर बसू, मग भरू.

साताऱ्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, ते श्रावणातलं लावा. पंक्चरवाला आला आणि शेवटचा अंतरा राहिला माझा."

"लक्षात होतं तुमच्या?"

"चौथी चाल ऐकायची आहे."

डॉक्टरांनी गाडीच्या काचा वर केल्या. मास्तरांनी गाणं पहिल्यापासून लावलं.